चार बिऱ्हाडं, एक डबी

नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ एका गल्लीत माझ्या परिचितांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दिवाळी अंकांची पानं, एकसष्टीचे गौरवग्रंथ हे तिथलं काम. खोली लहान, पण तीत तीन कॉम्प्युटर मांडलेले. कोपऱ्यातलं जुनं मशिन विंडोज एक्सपीवर चालतं. मधल्या मशिनवर विंडोज अकरा आहे, आणि त्याच डिस्कवर मालकांच्या मुलाने उबुंटू लिनक्सही टाकलंय. बटण दाबलं की ते आधी कोणाला उठवायचं ते विचारतं. खिडकीपाशी मॅक मिनी. तीन मशिनांत मिळून चार बिऱ्हाडं. जुन्या वाड्यांत असायची तशी, अंगण सामाईक आणि चूल प्रत्येकाची निराळी.

“सर, एक मोठी हार्डडिस्क सुचवा. सगळ्यांचा बॅकअप एकदाच मारून मोकळा होतो,” मालक म्हणाले.

कॉम्प्युटरच्या दुकानात गेलं की काउंटरवरचा मुलगा विचारतो, “किती टीबी?” आपणही तोच प्रश्न मनात घेऊन गेलेलो असतो. पण त्याआधी घरीच एक प्रश्न सोडवावा लागतो: उद्या यातलं एखादं बिऱ्हाड बसलं, तर ते पुन्हा नांदतं करायला काय काय लागेल? चौघांची उत्तरं चार निघतात. कोणती डिस्क घ्यायची, केवढी, किती आणि तिच्यावर कोणतं फॉरमॅट मारायचं, हे सगळं त्या चार उत्तरांतून ठरतं.

कोपऱ्यातल्या एक्सपीपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण त्यालाच वगळतात. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला सुधारणा पुरवणं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवलं. तरी ते मशिन चालू आहे, कारण त्यात पेजमेकर आहे आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी छपाई अशाच पॅकेजांवर चालत असे. त्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांना सगळीकडे चालतील असे ठरलेले क्रमांक नव्हते. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने काना, वेलांट्या, अर्धी अक्षरं बसवली होती. फॉन्ट असला की पान मराठी दिसतं, नसला की समोर नुसता चिन्हांचा ढीग. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. अडोबीच्या इनडिझाइनमध्ये त्या फाइली सीएस-६ पर्यंत उघडत, त्यानंतरच्या आवृत्त्यांत ती सोय राहिली नाही. तेव्हा या दुकानातल्या वीस वर्षांच्या कामाच्या फाइली तुम्ही कितीही ठिकाणी कॉपी करून ठेवा, त्या उघडणारं मशिन गेलं की त्या असून नसल्यासारख्या होतात.

इथे फाइलींची प्रत पुरत नाही. अख्ख्या डिस्कचा ठसा घ्यावा लागतो. त्याला इमेज म्हणतात: विंडोज, पेजमेकर, फॉन्ट, प्रिंटरच्या सेटिंग, मालकांनी २००५ साली करून ठेवलेले पत्रिकेचे साचे, सगळं जसंच्या तसं एका गठ्ठ्यात. या कामासाठी तैवानमधल्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगने विकसित केलेलं क्लोनझिला हे मोफत साधन मी वापरतो. पेनड्राइव्हवरून मशिन सुरू करायचं, आतलं विंडोज झोपलेलंच ठेवायचं आणि डिस्कच्या भरलेल्या भागाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची. ८० जीबीच्या जुन्या डिस्कमध्ये तीसेक जीबी भरलेले असतील तर दाबून केलेली इमेज त्याहूनही लहान होते. मशिन फार जुनं, ३२-बिटचं असेल तर क्लोनझिलाची जुनी आवृत्ती शोधावी लागते. पेनड्राइव्हवरून ते सुरूच होत नसेल तर सीडी काढावी, नाहीतर डिस्क बाहेर काढून कन्व्हर्टरने नव्या मशिनला जोडावी.

दोन गोष्टी मात्र इमेजमध्ये येत नाहीत. एक म्हणजे पॅकेजाचं कुलूप, मशिनच्या पाठीमागे लावलेलं डोंगल. ते हरवलं तर इमेज परिपूर्ण असूनही पॅकेज उघडणार नाही, म्हणून मूळ सीडी आणि अनुक्रमांकाच्या कागदाबरोबर त्याचीही नोंद ठेवावी. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतः मशिन. एक्सपी ज्या मदरबोर्डवर टाकलेलं असतं, त्याच्याशी ते जखडलेलं असतं. ती इमेज अगदी निराळ्या मशिनवर उतरवली तर सुरू होतानाच निळा पडदा दिसण्याची शक्यता मोठी. म्हणून मी मालकांना त्या मशिनला चालणारी एक सुटी जुनी डिस्क जुन्या बाजारातून घेऊन ठेवायला सांगितली. ती पुढे उपयोगी पडली.

विंडोज अकराची गोष्ट सोपी. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज पुन्हा उतरवता येतं, परवाना बहुधा मदरबोर्डाशी जोडलेला असतो. इमेज असली तर सगळं नव्याने बसवण्याचा एक दिवस वाचतो, नसली तर तो दिवस जातो, एवढंच. पण हा दिवस लग्नसराईतला असेल तर तोही महाग पडतो. मधल्या मशिनची खरी नाजूक जागा वेगळीच आहे. विंडोज आणि उबुंटू दोघांना हाक मारणारा एक छोटा भाग डिस्कच्या सुरुवातीला असतो, ईएफआय पार्टिशन. विंडोज तो बहुधा शंभर एमबीचा करतं आणि ‘माय कॉम्प्युटर’मध्ये तो दिसतही नाही. लोक सी ड्राइव्हची इमेज घेतात, उबुंटूची घेतात आणि वाड्याचा दिंडी दरवाजाच मागे राहतो. परत उतरवल्यावर दोन्ही बिऱ्हाडं आत शाबूत आणि बाहेरून आत जायला वाट नाही! दुरुस्ती करता येते, पण ती ज्याला येते त्याला. दोन सिस्टिम एका डिस्कवर असतील तर इमेज पूर्ण डिस्कचीच घ्यावी.

इमेजपूर्वी आणखी एक काळजी. अलीकडचं विंडोज ‘शट डाउन’ म्हटल्यावर पूर्ण बंद होत नाही, पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून अर्धवट झोपतं. अशा अवस्थेतल्या पार्टिशनला क्लोनझिला आणि उबुंटू दोघंही हात लावायला नकार देतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ केलं की ते खरोखर बंद होतं. शिवाय बिटलॉकरचं कुलूप लागलेलं आहे का तेही बघावं. नव्या मशिनांवर ते पुष्कळदा मालकाच्या नकळत आधीपासून चालू असतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवलेली नसेल तर दुसऱ्या मशिनवर उतरवलेली इमेज उघडणार नाही. कुलूपबंद डिस्कचा भरलेला आणि रिकामा भाग क्लोनझिलाला ओळखता येत नाही, म्हणून इमेजही अख्ख्या डिस्कएवढी होते. टेराबाइटचा हिशेब इथे एकदम बदलतो.

आता फॉरमॅट. मालकांच्या “एकदाच मारून मोकळा होतो” या म्हणण्याला खरी अडचण इथे येते.

डिस्कवर माहिती मांडण्याच्या प्रत्येक सिस्टिमच्या स्वतःच्या रीती असतात. विंडोजची एनटीएफएस, १९९३ च्या विंडोज एनटीपासूनची. लिनक्सची ईएक्सटी-४, २००८ ची. ॲपलची एपीएफएस, मॅकवर २०१७ पासून. मॅक एनटीएफएस वाचतो, पण तीवर लिहीत नाही. विंडोजला ईएक्सटी-४ आणि एपीएफएस आपणहून वाचताच येत नाहीत. सगळ्यांना चालणारी भाषा म्हणून एक्सफॅटचं नाव पुढे येतं. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये आणली, मॅकने २०१० मध्ये स्वीकारली, लिनक्सच्या गाभ्यात ती २०१९-२० मध्ये आली. आज तिन्हीकडे ती लिहिता-वाचता येते. दुकानात विचारा, हाच सल्ला मिळेल: एक्सफॅट मारा, सगळीकडे चालेल.

पेनड्राइव्हसाठी हा सल्ला योग्य आहे. बॅकअपसाठी मी तो देणार नाही. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलबरोबर तिचा मालक कोण, कोणी वाचावी, कोणी चालवावी, हे लिहिलेलं असतं. एक्सफॅटमध्ये ते लिहायला जागाच नाही. उबुंटूची सिस्टिम एक्सफॅटवर फाइल-फाइल कॉपी करून परत आणली तर मजकूर सगळा येतो, पण कोणतं दार कोणाला उघडं हे सगळं पुसलेलं, आणि अशी सिस्टिम धड उठत नाही. दुसरं, एक्सफॅट आपल्या हालचालींची नोंदवही ठेवत नाही. एनटीएफएस आणि ईएक्सटी-४ लिहिण्याआधी काय लिहिणार ते टिपून ठेवतात, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी घडी पुन्हा बसवता येते. एक्सफॅटवर कॉपी चालू असताना कोणी वायर उपटली तर यादीच बिघडण्याचा धोका जास्त. बॅकअपच्या डिस्कवर मला हा धोका नको.

म्हणून एकच डिस्क घेऊन तिचे तीन भाग करायचे, ज्याला जी चूल लागते ती. मॅकला एपीएफएसचा भाग द्यावा आणि तो टाइम मशिन या मॅकच्याच बॅकअप साधनाच्या ताब्यात सोडावा. मॅकच्या साठवणीच्या किमान दुप्पट जागा ठेवायला ॲपल सांगते. २५६ जीबीच्या मॅक मिनीला ५१२ जीबी झाले. टाइम मशिन मिळेल तेवढी जागा भरत जातं आणि भरली की सर्वांत जुनी प्रत काढतं, त्यामुळे त्याला आधीच वेगळं कुंपण घातलेलं बरं. उबुंटूला ईएक्सटी-४ चा भाग. टाइमशिफ्ट वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ते सिस्टिम जपतं आणि तुमचं होम फोल्डर मूळ सेटिंगमध्ये वगळतं. मुलाचे प्रोजेक्ट तिथेच असतात, ते आरसिंक या कॉपीच्या साधनाने वेगळे घ्यावे लागतात. उरलेला मोठा भाग एनटीएफएसचा: एक्सपीची इमेज, मधल्या मशिनची इमेज आणि कामाच्या फाइलींचं जुनं भांडार. विंडोजची स्वतःची सिस्टिम इमेजही एनटीएफएसच मागते, आणि क्लोनझिला तीवर विनातक्रार लिहितं.

डिस्कचा नकाशा जीपीटी पद्धतीचा ठेवावा, मॅकला तोच लागतो. ३२-बिटच्या एक्सपीला जीपीटी डिस्क वाचता येत नाही. पण आपण एक्सपीला ती दाखवणारच नाही, क्लोनझिलातून काम करणार, म्हणून हरकत नाही.

या दुकानाचा हिशेब कागदावर असा आला. एक्सपीच्या दोन इमेज मिळून पन्नासेक जीबी. मधल्या मशिनमध्ये विंडोजचे दोनशे आणि उबुंटूचे साठ भरलेले होते, त्याच्या दोन इमेजना पाचशेच्या आसपास. भांडार साडेतीनशे. हे तिन्ही एनटीएफएसच्या भागात, म्हणजे तिथे हजारभर हवेत. मॅकला ५१२. उबुंटूच्या फाइलींना उरलेले साडेतीनशे. दोन टीबीची डिस्क पुरते, पण अंगाबरोबरच. दोन टीबीची डिस्क जोडल्यावर विंडोज १,८६२ जीबी दाखवतं. त्यात कंपनीने लबाडी केलेली नसते. कंपनी दहाच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या. खरेदीआधी हा फरक धरून चालावा.

मराठीत काम करणाऱ्यांना एका फॉरमॅटवरून दुसऱ्यावर फाइली नेताना आणखी एक जाच होतो, आणि तो इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. पत्रिकेच्या दुकानात या नावाच्या फाइली किती असतील! यातला अर्धा ‘र’, तो डोळ्याच्या पापणीसारखा वळलेला, युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. नुक्ता असलेल्या ‘ऱ’ चा स्वतंत्र क्रमांक आहे. तोच साधा ‘र’ आणि वेगळा नुक्ता असे दोन क्रमांक जोडूनही होतो. तिसऱ्या तऱ्हेत ‘र’, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह येतं. पडद्यावर तिन्ही शब्द एकसारखे, डिस्कवर तीन वेगळी नावं. त्यात मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत फाइलींची नावं साठवताना ‘ऱ’ ची फोड करूनच ठेवत असे. त्या काळातल्या मॅकवरून आलेली फाइल आणि विंडोजवर टंकलेली तीच फाइल आरसिंकला दोन वेगळ्या फाइली वाटतात. मग एका फोल्डरमध्ये ‘वऱ्हाड’ दोनदा दिसतं, त्यातलं दुरुस्त केलेलं कोणतं ते कळत नाही आणि डिस्क हळूहळू दुपटीने भरते. आरसिंकला मॅकचं नाव बदलून घ्यायला सांगता येतं, त्याचा एक पर्याय त्यात आहे. पण मूळ खोड नाव देण्यात आहे.

नावाच्या लांबीचंही तसंच. एनटीएफएसमध्ये नाव २५५ एककांचं चालतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे एक एकक घेतं. ईएक्सटी-४ ची मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त प्रत्येक वेगळं मोजलं जातं. वधूवरांची नावं, आईवडिलांचं आडनाव, ‘अंतिम दुरुस्ती’, ‘अंतिम दुरुस्ती २’ असं लांबलचक नाव विंडोजवर सुखाने नांदतं आणि उबुंटूच्या भागात कॉपी होताना नाकारलं जातं. रात्री लावून ठेवलेल्या कॉपीत अशा शे-दोनशे फाइली मागे राहिल्या, तर सकाळी यादी वाचायला कोण बसतं? मालकांनी तेव्हापासून फोल्डरला वर्ष, महिना आणि कामाचा क्रमांक एवढंच नाव द्यायला सुरुवात केली. पूर्ण नाव पावतीपुस्तकात असतंच.

आता दुकानाच्या काउंटरशी येऊ.

फिरणारी हार्डडिस्क घ्यावी की एसएसडी? एसएसडी वेगवान आहे आणि हातातून पडली तरी बहुधा वाचते. हार्डडिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरत असते आणि वाचणारं टोक तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. चालू असताना टेबलावरून पडली की टोक तबकडीवर घासतं. पण एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात साठलेली असते, आणि वीज न देता कपाटात ठेवली की तो भार अगदी सावकाश झिरपतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार साध्या एसएसडीने, तिची लिहिण्याची ठरलेली क्षमता वापरून संपल्यावरही, ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष माहिती धरून ठेवायला हवी. नवी डिस्क याहून पुष्कळ जास्त काळ धरते. तरी जितकं ऊन जास्त तितकी ही मुदत कमी, आणि नाशिकचा पारा हल्ली एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो. रोज पिशवीतून नेण्यासाठी एसएसडी घ्यावी. वर्षातले अकरा महिने कपाटात राहणाऱ्या प्रतीसाठी मी अजूनही हार्डडिस्कच सांगतो.

हार्डडिस्कमध्येही दोन जाती आहेत, आणि खोक्यावर ते बहुधा छापलेलं नसतं. जागा वाढवण्यासाठी कंपन्या माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक सरकवून घालतात, त्याला एसएमआर म्हणतात. कौलारू छपराचं मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. या डिस्कवरही मधली एक फाइल बदलली की शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. मोठी इमेज एका दमात लिहायला ही डिस्क ठीक, पण टाइम मशिनसारखं सतत थोडंथोडं बदलणारं काम तिच्यावर रडतखडत चालतं. खिशात मावणाऱ्या अडीच इंची मोठ्या डिस्क आता बहुतेक याच जातीच्या असतात. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप घेणाऱ्याला त्याचा त्रास नाही. मॅकला डिस्क रोज जोडायची असेल तर मॉडेलचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून साधी, सीएमआर जातीची डिस्क बघावी.

साडेतीन इंची डिस्क स्वस्तात जास्त जागा देते, पण तिला वेगळा ॲडॅप्टर लागतो आणि दिवे गेले की ती जागीच थांबते. अडीच इंचीला यूएसबीच्या वायरीतूनच वीज मिळते. यूएसबी ३.० चं तोंड ९०० मिलिॲम्पिअर देतं, जुनं २.० फक्त ५००. म्हणून एक्सपीच्या मशिनला पुढच्या बाजूने जोडलेली डिस्क नुसतीच टकटक करते, लोक ती खराब समजून परत करायला निघतात. मागच्या, थेट मदरबोर्डावरच्या तोंडाला जोडून पाहावी. वेगातही हा फरक दिसतो: जुन्या तोंडातून सेकंदाला तीस-पस्तीस एमबी, म्हणजे दोनशे जीबीला पावणेदोन तास. नव्यातून तेच काम अर्ध्या तासात.

काही तयार डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड डिस्कच्याच पट्टीवर जोडलेलं असतं. वायर घालून-काढून ते तोंड सैल झालं की आतली चांगली डिस्क दुसऱ्या खोक्यात टाकता येत नाही. साधी साटा डिस्क आणि वेगळं केसिंग घेतलं तर ही पंचाईत टळते. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या, नाव न ऐकलेल्या कंपनीच्या अगदी स्वस्त ‘१६ टीबी एसएसडी’ घेऊ नयेत. त्यांच्या आत थोड्या जीबीचं कार्ड असतं आणि ते विंडोजला खोटं माप सांगतं. पहिले काही जीबी नीट लिहिले जातात, पुढचं सगळं हवेत जातं, आणि कॉपी पूर्ण झाली असा निरोप येतो. कोणतीही नवी डिस्क आली की भाग पाडण्याआधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री हे मोफत साधन चालवून ती काठोकाठ भरून वाचून बघावी. एक रात्र जाते, पण मगच तिच्यावर विश्वास टाकावा.

मालकांना चार टीबीची एक डिस्क घ्यायची होती. मी दोन टीबीच्या दोन घ्यायला लावल्या. त्याचं कारण नाशिककराला फार समजावावं लागत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतं. पाणी त्याच्या गुडघ्याला आहे, कमरेला की छातीला, यावरून काठावरचे व्यापारी माल कधी हलवायचा ते ठरवतात. १९६९ चा महापूर जुनी माणसं अजून सांगतात. २००८ मध्ये पाणी आलं, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सराफ बाजार, भांडी बाजाराच्या दुकानांत शिरलं. बॅकअप मशिनच्याच टेबलाच्या खणात असेल तर दोघं एकाच पाण्यात बुडतात. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने फोटोंच्या जतनासाठी सांगितलेला नियम जगभर चालतो: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. सातपूरला डेटा सेंटर चालवणाऱ्या ईएसडीएससारख्या कंपन्यांचीही केंद्रं एकाहून जास्त शहरांत आहेत, त्यामागचा विचार हाच. छोट्या दुकानाला एवढं पुरे: एक डिस्क दुकानात, दुसरी मालकांच्या पाथर्डी फाट्याच्या घरी, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी अदलाबदल. टाइम मशिनला अशा दोन डिस्क आलटूनपालटून चालतात.

दुकानातली डिस्कही काम झालं की काढून ठेवायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरची विंडोज मशिनं कुलूपबंद केली, तेव्हा जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही त्याने सोडल्या नाहीत. वायर काढलेल्या डिस्कपर्यंत कोणताही व्हायरस पोचत नाही.

तीन भागांच्या डिस्कला मात्र एक धोका घरातूनच असतो, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. ती विंडोजला जोडली की न ओळखलेल्या भागासाठी खिडकी उघडू शकते: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? मॅकही न वाचता येणाऱ्या डिस्कसाठी ‘इनिशियलाइझ’ सुचवतो. घाईत असलेला कामगार ‘हो’ दाबतो, आणि मुलाचं उबुंटू किंवा मॅकचा सगळा बॅकअप जातो. असा प्रसंग माझ्याच घरी घडला होता, आणि बटण दाबणारा मीच होतो. दोन वर्षांचे फोटो गेले, ते परत आले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक डिस्कवर कागद चिकटवून लिहितो: ‘बॅकअप. फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा.’ खाली तीन भागांची नावं आणि कोणता कुणाचा.

त्र्यंबकेश्वरच्या आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात आणि पणजोबांनी येऊन केलेली नोंद समोर ठेवतात. पानं जीर्ण झाली की मजकूर नव्या वहीत उतरतो. पण मला त्या वह्यांचं मोल त्या रोज उघडल्या जातात यात जास्त वाटतं. दर यात्रेकरूबरोबर वहीची परीक्षा होते, एखादं पान फाटलेलं असलं तर ते लगेच कळतं. आपला बॅकअप मात्र घेतल्या दिवसापासून कोणी उघडत नाही. पिक्सारमध्ये १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ च्या फाइली चुकून पुसल्या गेल्या, तेव्हा बॅकअप नीट चालतच नव्हता हे त्या दिवशी कळलं. घरून काम करणाऱ्या एका कर्मचारी बाईंच्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीने चित्रपट वाचला.

म्हणून मेच्या शेवटच्या रविवारी, पावसाआधी, आम्ही दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. एक्सपीची चालू डिस्क काढून बाजूला ठेवली, जुन्या बाजारातली सुटी डिस्क बसवली आणि बाहेरच्या डिस्कवरून इमेज तीवर उतरवायला लावली. सुटी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते, ते आधीच पाहिलं होतं. जुन्या तोंडाने वेळ घेतला, तोवर चहा झाला. मशिन पहिल्यांदा उठलंच नाही. डिस्कच्या मागची लहानशी टाचणी, पहिली डिस्क की दुसरी हे सांगणारी, चुकीच्या जागी होती. ती सरकवली. मग एक्सपीची हिरवी टेकडी दिसली. पाठीमागे डोंगल लावलं, पेजमेकर उघडलं आणि मालकांनी २००६ च्या फोल्डरातली एक पत्रिका उघडली. ती त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची होती. वेलांटी, रफार, गणपतीचं चित्र, सगळं जागच्या जागी.

मालकांनी पेन काढलं आणि डिस्कवरच्या कागदावर आजची तारीख लिहिली. त्यापुढे लिहिलं: ‘एक्सपी उतरवून पाहिलं, चाललं. पुढच्या महिन्यात मॅक.’